डाव-पळी तासताना स्वस्त कुऱ्हाड घसरते, अडकते, धार धरत नाही: कारणं आणि उपाय

हार्डवेअरच्या दुकानातून चार-पाचशे रुपयांची हातकुऱ्हाड आणली. दगडावर घासून अशी धार लावली की मनगटावरचे केस उतरावेत. तरी लाकडाचा डाव तासायला घेतला की पातं लाकडात शिरायच्या ऐवजी वरून निसटतं, ढलपी निघायच्या ऐवजी लाकूड उभं चिरतं आणि अर्ध्या तासात धार गेलेली असते. परत धार लावली, परत तेच. इथवर आलं की बहुतेक जण पोलादाला नावं ठेवतात आणि महागडी परदेशी कुऱ्हाड शोधायला लागतात.

पोलाद खराब असू शकतं, पण संशयितांच्या यादीत ते शेवटी येतं. दुकानातली कुऱ्हाड सरपण फोडायला घडवलेली असते. तिने लाकडात घुसून ते फाकवायचं, म्हणून तिचा कोन बोथट, धारेजवळचा भाग फुगीर आणि गाल जाड. डावासाठी मात्र लाकूड रेषेच्या कलाने पातळ ढलप्यांत सोलत जायचं असतं. फाकवणाऱ्या आकारावर कितीही बारीक दगड फिरवला तरी तो सोलणारा होत नाही. दगड फक्त धारेचा शेवटचा अर्धा मिलिमीटर सुधारतो, दुखणं त्याच्या मागच्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये असतं.

पुढे तीन शब्द वारंवार येतील. धारेपासून मागे चढत जाणारी घासलेली पट्टी म्हणजे उतार. उतार संपून पात्याचा गाल सुरू होतो ती कड म्हणजे खांदा. दांडा बसतो ते भोक म्हणजे नेढं.

आधी तीन तपासण्या

कानस हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं यात घालवा, पुढचे दोन तास वाचतील.

पहिली, मार्करची. काळ्या परमनंट मार्करने दोन्ही बाजूंचे उतार पूर्ण रंगवा. सपाट दगडाचा तुकडा उतारावर टेकवून दोनच हलके हात मारा. शाई धारेपासून खांद्यापर्यंत सारखी पुसली गेली तर उतार सपाट आहे. फक्त मधला पट्टा पुसला गेला तर उतार फुगीर आहे. दगड खांद्यावर टेकतो आणि धारेजवळची एक-दोन मिमीची कड काळीच राहते, असं दिसलं तर कारखान्यात शेवटी एक वेगळा, बोथट उतार मारलेला आहे. नव्या स्वस्त कुऱ्हाडींत हे शेवटचे दोन प्रकारच जास्त सापडतात.

दुसरी, मापाची. व्हर्निअरने खांद्यापाशी पात्याची जाडी मोजा आणि धारेपासून खांद्यापर्यंत उताराची रुंदी मोजा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर हिशोब सोपा आहे: रुंदी जाडीच्या दुप्पट असली की एकूण कोन २९ अंशांच्या आसपास येतो. जाडी ६ मिमी धरली तर ८ मिमी रुंदीला कोन ४४ अंश, १० मिमीला ३५, १२ मिमीला २९ आणि १४ मिमीला साधारण २५. तासकामाला २५ ते ३० अंश हवेत. व्हर्निअर नसेल तर पोस्टकार्डाच्या काटकोनाचे तीन समान भाग पडतील अशी घडी घाला. एक भाग ३० अंशांचा. तेवढा कोपरा कार्डातून कापून काढला की राहिलेली खाच धारेवर बसवून बघता येते.

तिसरी, कानशीची. धारेच्या कोपऱ्यावर चांगली कानस हलकेच ओढा आणि तीच कानस साध्या लोखंडी सळईवर ओढा. सळईइतक्याच सहज खात असेल तर पातं मऊ आहे. काचेवरून गेल्यासारखी नुसती सरकली तर फारच कडक आहे, खांडे पडतील. थोडा विरोध करत खात असेल तर पोलाद कामाचं आहे, बाकी सगळं तुमच्या हातात. ही चाचणी धारेपासून ३० मिमी मागेही करून बघा. अनेक कुऱ्हाडी फक्त धारेकडच्या पट्ट्यातच कडक केलेल्या असतात, आणि तो पट्टा किती रुंद आहे हे माहीत असलेलं बरं.

लक्षण: पातं लाकडावरून निसटतं

कारण फुगीर किंवा दुहेरी उतार. सपाट उतार लाकडावर टेकला की धार लाकडाला लागलेलीच असते. हाताला कोन जाणवतो, प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या सपाटीवर टेकून पुढे जातो. उतार फुगीर असला की आधी फुगवटा टेकतो आणि धार अधांतरी राहते. मग ती लागावी म्हणून माणूस कुऱ्हाड उभी धरतो. थोडी कमी उभी धरली की निसटते, थोडी जास्त धरली की खोल रुतते. मधली जागा इतकी अरुंद की सराईत हातालाही ती दरवेळी सापडत नाही. आणि निसटलेलं पातं कुठे जातं, तर लाकूड धरलेल्या हाताकडे. म्हणून ही दुरुस्ती आधी.

लागणारं सामान: १० किंवा १२ इंची सिंगल-कट कानस (मूठ बसवलेली, नुसत्या टोकाने वापरू नका), बेंच व्हाइस किंवा दोन सी-क्लॅम्प, मार्कर, कानस साफ करायला तारेचा ब्रश, डाव्या हातात चामडी हातमोजा.

डोकं व्हाइसमध्ये असं पकडा की धार तुमच्या विरुद्ध दिशेला आणि उतार साधारण आडवा राहील. उतार रंगवा. कानस खांद्यावर टेकवा आणि पुढे ढकला, परत आणताना उचला. मागे ओढताना दाब दिला तर कानशीचे दात मरतात. सगळं घासकाम खांद्याकडून सुरू करायचं. सुरुवातीला धारेला हातही लावायचा नाही, खांदा उतरवत उतरवत नवी सपाटी धारेकडे आणायची. दर वीस-पंचवीस हातांनंतर परत रंगवून बघा. काळी पट्टी धारेकडे सरकत अरुंद होत गेली की बरोबर चाललंय. ती तिरपी होत असेल, म्हणजे वरच्या टोकाला रुंद आणि खालच्या टोकाला अरुंद, तर कानस एका बाजूला झुकतेय.

घाईत सगळ्यांचं इथेच चुकतं: काळी पट्टी एक मिमी उरली की कानस किंचित उचलून तेवढी पुसून टाकतात. तसं केलं की दुहेरी उतार परत तयार झाला, सगळी मेहनत वाया. शेवटची पट्टीसुद्धा त्याच सपाटीत गेली पाहिजे. दुसरी बाजूही तशीच. धारेवर सलग बर, म्हणजे उलट्या बाजूला वळलेला पापुद्रा, बोटाला लागला की कानशीचं काम संपलं. बर तपासताना अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवायचा, धारेच्या लांबीने कधीच नाही.

उतार दोन्हीकडे सारखा हवा का? कुऱ्हाड घरात एकच माणूस वापरणार असेल तर नको. उजव्या हाताने तासणाऱ्याच्या कामाकडे पात्याची डावी बाजू असते. ती जास्त लांब आणि चपटी केली तर घाव सरळ उतरतो. खांद्याला ६ मिमी जाडी असेल तर डावीकडे १४ मिमी आणि उजवीकडे १० मिमी रुंदी ठेवा. हे अनुक्रमे साधारण १२ आणि १७ अंश होतात, एकूण २९. धारेची ताकद तीच राहते, फक्त कल बदलतो. स्वीडनमध्ये लाकडी चमचे तासायच्या कुऱ्हाडी उजव्या आणि डाव्या हातासाठी अशाच वेगवेगळ्या घासून मिळतात. डावखुऱ्याने माप उलटं करायचं. दोघांत एक कुऱ्हाड असेल तर दोन्हीकडे १२ मिमी ठेवा.

लक्षण: पातं शिरतं, पण अडकतं किंवा लाकूड चिरत नेतं

उतार नीट करूनही हे होत असेल तर गाल जाड आहेत. धारेपासून ३० मिमी मागे जाडी मोजा. १२-१३ मिमी भरली तर हे डोकं फोडायचंच आहे. ९-१० मिमीपर्यंत आणलं की फरक लगेच कळतो. एवढं पोलाद कानशीने काढायचं म्हणजे दिवस जाईल, इथे अँगल ग्राइंडर घ्या, त्यावर ६० किंवा ८० नंबरची फ्लॅप डिस्क. जाड ग्राइंडिंग व्हील नको, ते खड्डे पाडतं.

इथला खरा धोका उष्णता. पोलाद २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळं पडतं, २८० ला जांभळट, ३०० ला निळं. निळं झालं की त्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तिथे धार टिकणार नाही. धारेचा कोपरा सगळ्यात पातळ म्हणून सगळ्यात आधी तापतो. म्हणून घासकाम गालावरच ठेवायचं, धारेच्या १५ मिमीपेक्षा जवळ यायचं नाही, डोकं उघड्या बोटांनी धरवत नाही इतकं तापायच्या आत पाण्याच्या बादलीत बुडवायचं. बादली हाताशी हवी, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नाही. गॉगल आणि मास्क लावा, ग्राइंडरचं गार्ड काढू नका. निळा डाग पडलाच तर तो पुसून काही होत नाही, पॉलिश पेपरने नुसता रंग जातो. तो भाग कानशीने संपूर्ण काढून धार मागे घ्यावी लागते.

खांद्याची कड शेवटी कानशीने किंचित गोल करा. तीक्ष्ण खांदा ढलपीला मध्येच मोडतो, गोल खांदा तिला वाट देतो.

एक जुळवून घ्यायचंच: पातळ केलेली कुऱ्हाड सरपण फोडायला उरत नाही. ओंडका उभा चिरायला दुसरी जाड कुऱ्हाड किंवा लोखंडी पाचर ठेवा.

गाल ठीक असूनही लाकूड चिरत असेल तर कुऱ्हाडीला बोल लावू नका. डावाच्या मानेपाशी वरून खालपर्यंत एका दमात तासत आणलं की चीर रेषेने पळत वाटीत शिरते. मानेच्या सगळ्यात अरुंद जागी आधी करवतीने आडवा काप घ्या, आखलेल्या रेषेच्या २ मिमी अलीकडे थांबेल इतक्या खोलीचा, आणि दोन्ही बाजूंनी त्या कापाकडे तासत या.

लक्षण: धार पटकन जाते

आधी बघा ती कशी जाते. उजेडाखाली धार समोरून धरली तर चांगली धार दिसतच नाही. चमकणारी रेघ दिसली तर ती वळलेली आहे, आणि नख एका बाजूने अडकतं, दुसऱ्या बाजूने नाही. तुकडाच गेलेला असेल तर तो खांडा. दोन्हींचा उपाय वेगळा.

धार वळते म्हणजे कोन पोलादाला झेपत नाही. २५ अंश ठेवले असतील तर २९-३० वर या. तरी वळत असेल तर दगड थोडा उचलून प्रत्येक बाजूला चार-पाच हलके हात मारा आणि अर्धा मिमीची बारीक कड द्या. अर्ध्या मिमीने लाकडावर टेकणं बिघडत नाही, दोन मिमीने बिघडतं. कानशीच्या चाचणीत पातं सळईइतकंच मऊ निघालं होतं तर मात्र कोन बदलून भागणार नाही, परत पाणी द्यावं लागेल, म्हणजे तापवून, बुडवून पुन्हा कडक करावं लागेल.

ते काम ओळखीच्या लोहाराकडून करून घेणं उत्तम, पण काय हवंय ते नीट सांगा. तापवायचा फक्त धारेकडचा २५-३० मिमी पट्टा, नेढं नाही. नेढं कडक झालं तर घाव बसल्यावर तडकतं. लोहचुंबक चिकटेनासं होतं ते साधारण ७७० अंशांना, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. पाण्यात नको. पातं ट्रकच्या पाट्यापासून (स्प्रिंगपासून) घडवलेलं असेल तर त्या पोलादाला पाण्यात चिरा जातात. तेल लोखंडी डब्यात, वर घट्ट बसणारं झाकण हाताशी, कारण भडका उठतो. त्यानंतर ते पातं काचेसारखं ठिसूळ असतं. एक बाजू घासून लख्ख करा आणि ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीत) २२० अंशांवर एकेक तास, दोनदा ठेवा. लख्ख जागेवर पेंढ्यासारखा पिवळा रंग आला की झालं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यापेक्षा या रंगावर विश्वास ठेवा.

खांडे पडतात ते तीन कारणांनी: पातं फार कडक, कोन फार बारीक किंवा लाकडात काहीतरी. पहिल्यावर उपाय हाच, ओटीजीत २३० अंशांवर तासभर. दुसऱ्यावर वरची अर्धा मिमीची कड. तिसरं कारण लोक विसरतात. रस्त्याकडेच्या फांदीत खिळे असतात, सालीत वाळू अडकलेली असते, आणि ज्यावर ठेवून तासायचं तो ओंडका मातीत लोळवलेला असतो. ओंडक्याची वरची बाजू कधी खाली ठेवायची नाही. लाकूड धुऊन घ्या, साल आधी जुन्या कोयत्याने काढा.

बाकी, सुतारकामातून उरलेला सुका साग किंवा वाळलेली बाभूळ तासायला घेतली असेल तर कुठलीच कुऱ्हाड फार वेळ टिकणार नाही. डाव-पळी ओल्या लाकडाच्या करतात आणि मग वाळवतात. शिवण सगळ्यात सोपी, पेरू घट्ट आणि गुळगुळीत, आंबा चालतो पण त्याचा चीक काहींच्या कातडीला झोंबतो. कण्हेर, बिट्टी, शेर आणि बिब्बा यांच्या वाटेला जाऊ नका. पहिले तीन विषारी किंवा चिकाचे, बिब्ब्याने अंगावर फोड येतात. लगेच काम होणार नसेल तर तुकडे पाण्यात बुडवून ठेवा. शहरात झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा फांदी स्वतः तोडण्यापेक्षा पालिकेने छाटलेल्या ढिगातून मागून घेतलेली बरी.

लक्षण: धार चांगली, पण ताबा नाही

इथे डोक्याचं वजन आणि पकड बघा. ८०० ग्रॅमचं डोकं मनगट लवकर थकवतं. नवीन घ्यायचीच असेल तर ५५०-६५० ग्रॅमचं घ्या, आणि दुकानातच दांड्याच्या रेषेत एक डोळा मिटून बघा: धार नेढ्याच्या मधोमध येते का. वाकडं बसवलेलं डोकं कानशीने सुधारत नाही.

बारीक कामाला हात पात्याच्या थेट मागे हवा. त्यासाठी धारेच्या खालच्या टोकामागे खाच घेऊन दाढी काढतात, म्हणजे बोटं दांडा धरूनच धारेच्या मागे बसतात. १ मिमी जाडीच्या कटिंग डिस्कने कापा, नेढ्यापासून किमान १२ मिमी पोलाद राहू द्या आणि कोपरा काटकोनात सोडू नका. आतला तीक्ष्ण कोपरा म्हणजे पुढच्या तड्याची जागा. आधी ८-१० मिमीचं भोक पाडून त्यात दोन काप मिळवले तर कोपरा आपोआप गोल होतो. उरलेलं काम गोल कानशीने.

कारखान्यातली धार बहुधा जवळजवळ सरळ असते. दोन्ही टोकांकडून ३-४ मिमी मागे घेऊन तिला हलका बाक दिला तर घाव कापत जातो, सरळ आपटत नाही. हे काम उतार घासायच्या आधी करा, नाहीतर उतार दोनदा घासावे लागतील. पेन्सिलीने बाक आखा, कानस धारेला काटकोनात धरून तेवढं उतरवा आणि मग उतारांकडे वळा.

दांडा ३२ ते ३५ सेंमी पुरतो. वरचं चकचकीत व्हार्निश काचेच्या तुकड्याने खरवडून काढा. व्हार्निश घामाने निसरडं होतं आणि फोड आणतं. मधल्या भागाचा छेद ३२ × २२ मिमी, लंबगोल. गोल दांड्यात धार कुठे वळली आहे ते हाताला कळत नाही.

लक्षण: दांडा परत परत सैल होतो

पावसाळ्यात घट्ट बसतो, एप्रिल-मेमध्ये डुगडुगतो. लोक डोकं रात्रभर पाण्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते घट्ट असतं, पंधरा दिवसांत आधीपेक्षा सैल. फुगलेले तंतू लोखंडावर दाबून चिरडतात आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होतात. दर वेळेला थोडं लाकूड कमी होत जातं.

खरा उपाय, जुनी पाचर काढून दांडा परत बसवणं. दांडा पूर्ण वाळलेला हवा, बसवायचं काम उन्हाळ्यात केलेलं चांगलं. दांड्याचं लाकूड धामण किंवा तिवस, दोन्ही लवचीक. टोकाकडून बघितलं तर लाकडाच्या रेषा धारेच्या दिशेने गेलेल्या दिसल्या पाहिजेत, आडव्या नाहीत. नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश करवतीचा काप घ्या. डोकं बसवताना दांडा उलटा धरून त्याच्या खालच्या टोकावर लाकडी हातोडी मारा, डोकं आपोआप वर चढतं. पाचर सुक्या कठीण लाकडाची, कापापेक्षा थोडी रुंद, ठोकत जा आणि आवाज बदलला की थांबा. दांड्याचं टोक डोक्याच्या वर ४-५ मिमी राहू द्या. ते पसरतं आणि कुलूप लावतं. लोखंडी पाचर तिरपी, एकच. तिनेच सगळं धरून ठेवायचं ही अपेक्षा चुकीची.

मग टोकाच्या बाजूने जवसाचं तेल पिईल तेवढं पाजा, पेंटच्या दुकानात डबल बॉईल्ड मिळतं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

रोजची धार

उतार एकदा सपाट झाला की कानस परत महिनोन्‌महिने लागत नाही. दोन्ही बाजूंचा कार्बोरंडम दगड, मग काचेच्या पट्टीवर चिकटवलेला वॉटर पेपर ४००, ८००, १२०० अशा क्रमाने. दगड पात्यावर फिरवा, पातं दगडावर नाही. कुऱ्हाडीचं डोकं जड, कोन सांभाळत नाही. प्रत्येक नंबरला बर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला आली की पुढचा नंबर. शेवटी लाकडी पट्टीवर चिकटवलेलं चामडं आणि बफिंगचा हिरवा साबण, धारेकडून मागे न जाता मागून धारेकडे ओढत, प्रत्येक बाजूला दहा-बारा हात. धारेची परीक्षा कागदावर नको, ओल्या लाकडावर आडवा काप घ्या: सपाटी चकाकली पाहिजे. त्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर तितके बारीक खांडे राहिलेत.

काम करताना दर अर्ध्या तासाला चामड्यावर पाच-सहा हात मारले तर दगड दिवसाच्या शेवटीही लागत नाही.

पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं आणि दोन दिवसांत धारेवर गंज येतो. पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर बसवा, आधी पात्याला मशीन ऑइलचं बोट फिरवा.